खालच्या घरात ठिबकणारे पाणी आणि न्हाणीघरातला वास: फोडाफोडीआधी मूळ कसे शोधावे?

मुळाकाठ | ८ जानेवारी

नमस्कार. आमची सदनिका पुण्यात, १९९६ साली बांधलेल्या चार मजली इमारतीत तिसऱ्या मजल्यावर आहे. आमच्या खाली राहणाऱ्या काकूंच्या न्हाणीघराच्या छतातून गेल्या वर्षीच्या उन्हाळ्यात पाणी ठिबकू लागले. एका कंत्राटदाराला बोलावले, तेव्हा त्याने न्हाणीघरात दोन मिनिटे उभे राहून "वॉटरप्रूफिंग गेले आहे" असे सांगितले. मे महिन्यात आम्ही सगळी फरशी उखडून नवे वॉटरप्रूफिंग करून घेतले आणि त्याला अडुसष्ट हजार रुपये लागले. काही महिने काकूंचे छत कोरडे राहिले. गणपतीच्या सुमारास पुन्हा तिथेच ओल आली आणि आता दिवसरात्र ठिबकते.

काकू सत्तरीच्या पुढच्या आहेत, एकट्या राहतात आणि रोज रात्री एकदा उठून पातेले रिकामे करतात. त्यांनी आजवर एकदाही आवाज चढवलेला नाही, त्यामुळे मला अधिकच अपराधी वाटते. कंत्राटदार म्हणतो की आता कमोडखालचा भाग फोडावा लागेल. त्याचे म्हणणे खरे कशावरून मानायचे, हा माझा पहिला प्रश्न आहे.

दुसरा प्रश्न वासाचा. त्याच न्हाणीघरात पहाटे गटाराचा वास येतो. दिवसा तो जवळजवळ नसतो. फिनेल ओतले, जाळी बदलली, पण फरक पडला नाही. या दोन गोष्टींचा परस्परसंबंध आहे का?

शिसमखांब | ८ जानेवारी

मी बांधकामाच्या साइटवर तीस वर्षे काढली आहेत. कृपया आणखी एकही फरशी फोडू नका. आधी पाणी कोणते आहे ते ठरवा आणि मग ते कुठून येते ते शोधा. बहुतेक ठिकाणी हा क्रम उलटा होतो आणि त्यातच पैसे जातात.

घरात गळणारे पाणी तीनच प्रकारचे असते. पहिले नळाच्या लाइनमधले. टाकीतून येणाऱ्या पाइपात कायम दाब असतो, म्हणून घरात कोणी असो वा नसो, ते चोवीस तास गळते. दुसरे सांडपाण्याचे. ते वापर झाला की मगच गळते, त्यामुळे कुटुंब गावाला गेले की हळूहळू थांबते. तिसरे पावसाचे. ते बाहेरच्या भिंतीतल्या भेगेतून किंवा गच्चीतून येते आणि जानेवारीत त्याची शक्यता नाहीशीच असते. तुमच्याकडे गळती गणपतीत दिसली म्हणून पावसावर संशय घेता आला असता, पण ती आजही चालू असल्यामुळे पाऊस बाजूला ठेवू.

आता यातली खरी अडचण सांगतो. तुमच्या काळातल्या इमारतींमध्ये न्हाणीघराचा स्लॅब इतर खोल्यांपेक्षा साधारण फूटभर खाली टाकलेला असतो. त्याला सनकन स्लॅब म्हणतात. त्या खड्ड्यात पाइप बसवून वर विटांच्या तुकड्यांचा कोबा भरतात आणि त्यावर फरशी येते. हा भराव स्पंजासारखा पाणी धरतो. पाइप आज गळू लागला तरी भराव पुरता भिजून खाली थेंब पडायला कित्येक आठवडे लागू शकतात आणि गळती बंद केली तरी पुढे काही दिवस थेंब पडतच राहतात. काकूंचे छत काही महिने कोरडे राहिले, याचे कारण नवे वॉटरप्रूफिंग नसून नवा कोरडा भराव असावा, असा माझा अंदाज आहे.

म्हणून आजपासून एक वही करा. काकूंच्या पातेल्यात किती वेळात किती पाणी जमते ते मापाने मोजून लिहा. सकाळी, दुपारी, मध्यरात्री, आणि शक्य झाल्यास घर दोन दिवस बंद ठेवून. थेंब मोजण्यापेक्षा मापाने मोजणे चांगले, कारण एखादा थेंब लहान असतो आणि एखादा मोठा, पण पातेले खोटे बोलत नाही.

परसबाग | ९ जानेवारी

शिसमखांब यांच्याशी सहमत आहे. आमच्याकडे गीझरखालच्या अँगल कॉकमागे (भिंतीतून बाहेर येणारा, पाणी बंद करायचा छोटा नळ), भिंतीच्या आत जे एक्स्टेन्शन निपल, म्हणजे पाइप लांबवणारा आट्यांचा तुकडा असतो, त्याला केसाएवढी चीर गेली होती. कॉक बाहेरून कोरडा ठणठणीत दिसत असे, कारण पाणी फरशीच्या मागून खाली उतरत होते. नवा कॉक बसवताना प्लंबरने पान्याने एक आटा जास्त आवळला, एवढेच निमित्त झाले होते. आपण नुकतेच कोणते फिटिंग बदलले ते आठवून पाहावे.

मुळाकाठ | १३ जानेवारी

चार दिवसांची वही झाली. पातेल्यात दर तासाला साधारण १४० मिलिलिटर पाणी जमते. पहाटे चार वाजता उठून मोजले तरी तेवढेच, आणि सकाळच्या आंघोळी आटोपल्यावर मोजले तरी तेवढेच. शनिवार-रविवार आम्ही साताऱ्याला गेलो होतो; तेव्हाची मोजणी काकूंनी स्वतः चष्मा लावून केली आणि तीही फारशी वेगळी नाही. दिवसाला तीन लिटरहून थोडे अधिक होते.

मेमध्ये कोणतेही फिटिंग बदललेले नाही. जुनेच नळ परत बसवले होते.

शिसमखांब | १३ जानेवारी

आकडा इतका स्थिर असेल तर ते सांडपाणी असण्याची शक्यता फार कमी उरते. आता दोन चाचण्या करा आणि त्या एकाच वेळी मुळीच करू नका.

पहिली चाचणी फरशीची. मोरीच्या जाळीखालच्या तोंडात प्लास्टिकच्या पिशवीत कोंबलेले फडके घट्ट बसवा, उंबऱ्याच्या आत न्हाणीघरात इंचभर पाणी साठवा आणि भिंतीवर पेन्सिलीने पाण्याच्या पातळीची रेघ मारा. चोवीस तासांनी रेघ आणि पाणी यांत किती अंतर पडले ते पाहा. कागदाच्या जाडीएवढे उतरले तर ते बाष्पीभवन समजावे. पाण्यात खायचा रंग घातलात तर अधिक चांगले, पण होळीचा रंग घालू नका, तो फरशीच्या सांध्यांतून निघत नाही.

दुसरी चाचणी व्हॉल्व्हची. डक्टमध्ये, म्हणजे इमारतीचे पाइप ज्या उभ्या मोकळ्या जागेतून जातात तिथे, टाकीवरून येणाऱ्या वेगवेगळ्या लाइनी असतील. जुन्या इमारतींत बहुधा स्वयंपाकघराची, न्हाणीघराची आणि फ्लशची लाइन निराळी असते. एका वेळी एकच व्हॉल्व्ह बंद करा आणि किमान छत्तीस तास बंदच ठेवा. भरावातले पाणी निथळायला वेळ लागतो, म्हणून दोन तासांत फरक दिसला नाही तर ती लाइन निर्दोष ठरवू नका.

गोदाघाट | १४ जानेवारी

एक भर घालतो. जुने व्हॉल्व्ह बंद केले तरी पुरते बंद होत नाहीत, आत पाणी झिरपत राहते. बंद केल्यावर त्या लाइनवरचा नळ उघडून ठेवावा. त्यातून धार किंवा थेंब येत राहिले तर चाचणीच फसवी ठरते. आमच्या बंगल्यात पाण्याचे मीटर आहे, त्यामुळे आम्हाला सोपे पडले: सगळे नळ बंद करून मीटरवरील बारीक चक्रीकडे पाहिले आणि ती फिरताना दिसली, तेव्हाच गळती नळाच्या बाजूची आहे हे कळले. सदनिकांत ही सोय सहसा नसते, याची कल्पना आहे.

हडसनकाठ | १५ जानेवारी

वासाविषयी लिहितो. मी अमेरिकेत राहतो आणि आमचे नाशिकचे घर वर्षातले दहा महिने बंद असते. कुलूप उघडले की गटाराचा भपकारा यायचा आणि आम्ही दर वेळी ड्रेनेज साफ करणाऱ्याला बोलवायचो. मागच्या खेपेस एका म्हाताऱ्या प्लंबरने काहीही न फोडता प्रत्येक मोरीत एक तांब्या पाणी ओतले आणि तासाभराने या असे सांगितले. वास गेला होता. मोरीच्या ट्रॅपमधले, म्हणजे जाळीखालच्या पाइपाच्या वळणातले पाणी सुकले होते, एवढेच कारण. आता निघताना आम्ही प्रत्येक ट्रॅपमध्ये पाणी भरून वर चमचाभर खाद्यतेल सोडतो. तेलाचा तवंग पाणी लवकर उडू देत नाही.

शिसमखांब | १५ जानेवारी

हडसनकाठ यांनी मुळावर बोट ठेवले आहे. मोरीच्या, बेसिनच्या आणि कमोडच्या खाली पाइपाला जे वळण असते, त्यात कायम पाणी अडून राहते. पन्नास मिलिमीटर, म्हणजे जेमतेम दोन इंच पाणी, एवढाच आपल्या आणि गटाराच्या हवेमधला पडदा असतो. १७७५ मध्ये अलेक्झांडर कमिंग या स्कॉटिश घड्याळजीने फ्लशच्या संडासाला असे वळण देण्याचे पेटंट घेतले आणि आजही घराघरांत तीच युक्ती चालते. हा पडदा किती महत्त्वाचा आहे हे २००३ साली हाँगकाँगच्या अमॉय गार्डन्स या वसाहतीत दिसले. तिथे सार्स या श्वसनरोगाची लागण तीनशेहून अधिक रहिवाशांना झाली आणि तपासात जे मार्ग पुढे आले, त्यांत न्हाणीघरातले सुकलेले ट्रॅप आणि ड्रेनेजची हवा आत ओढणारे एक्झॉस्ट पंखे हे प्रमुख होते.

पण मुळाकाठ यांचे न्हाणीघर रोजच्या वापरातले आहे, त्यामुळे तिथले पाणी सुकणार नाही. पहाटेच वास येतो, म्हणजे रात्रीत ट्रॅपमधले पाणी कुठेतरी जाते. खराट्याची एक काडी घ्या, रात्री झोपताना ती ट्रॅपमध्ये बुडवून पाणी कुठवर आहे त्याची खूण करा आणि पहाटे पुन्हा पाहा.

केवडा | १६ जानेवारी

वासाचा शोध घेताना अनेक जण उदबत्ती घेऊन सांध्यांजवळ फिरवतात. धूर कुठे ओढला जातो किंवा उलटा फेकला जातो ते त्याने खरोखर कळते. मात्र त्याआधी वास गॅसचा नाही याची खात्री हवी. सिलिंडरच्या गॅसला मुळात वास नसतो. गळती कळावी म्हणून त्यात मर्कॅप्टन मिसळतात आणि त्याचा दर्प सडक्या कोबीसारखा, म्हणजे गटाराच्या वासाच्या बराच जवळचा असतो. हा गॅस हवेपेक्षा जड असल्यामुळे जमिनीलगत साचतो. तसा संशय आला तर दिव्याचे बटणसुद्धा दाबू नये, रेग्युलेटर बंद करून खिडक्या-दारे उघडावीत आणि बाहेर जाऊन १९०६ या क्रमांकावर फोन करावा. माझ्या बहिणीच्या घरी दोन दिवस सगळे मोरीलाच दोष देत होते आणि प्रत्यक्षात शेगडीची रबरी नळी तडकली होती, म्हणून हे कळकळीने लिहिते.

सुरंगी | १७ जानेवारी

आमच्याकडे बेडरूममध्ये वास यायचा आणि न्हाणीघर स्वच्छ होते. एसी बसवणाऱ्याने त्याची पाण्याची नळी थेट ड्रेनेजच्या पाइपात खुपसली होती. ती बाहेर काढून खाली बादली ठेवली आणि त्याच दिवशी वास थांबला.

मुळाकाठ | २१ जानेवारी

सर्वांचे मनापासून आभार. सविस्तर लिहितो.

फरशीची चाचणी: छत्तीस तासांत पाणी पेन्सिलीच्या रेघेखाली जेमतेम एक मिलिमीटर उतरले. काकूंच्या पातेल्यात रंगाचा मागमूसही नव्हता. म्हणजे मे महिन्यातले काम चांगले झाले होते. फक्त ते करण्याचे कारणच नव्हते. हे कळल्यावर त्या कंत्राटदारावरचा माझा राग थोडा निवळला, पण तपास न करता निदान केल्याचा दोष उरतोच.

व्हॉल्व्हची चाचणी: गोदाघाट यांची सूचना लाख मोलाची ठरली. न्हाणीघराचा व्हॉल्व्ह बंद करूनही नळातून करंगळीएवढी धार येत होती. तो आधी बदलून घेतला. न्हाणीघराची लाइन दीड दिवस बंद ठेवली तेव्हा तासाला १३५ मिलिलिटर पाणी जमत होते, म्हणजे फरक शून्य. नंतर ती उघडून फ्लशची लाइन बंद केली. बारा तासांनी ९०, चोवीस तासांनी ४०, छत्तीस तासांनी १५. काकू जिन्यातूनच हाका मारत वर आल्या.

आता बादलीने कमोडमध्ये पाणी टाकतो आहोत. प्लंबर परवा येईल. इतकी लहान लाइन, तरी ती नेमकी कुठे फुटली असेल?

शिसमखांब | २१ जानेवारी

१९९६ चे काम असेल तर फ्लशची लाइन जीआय, म्हणजे जस्ताचा मुलामा दिलेल्या लोखंडी पाइपाची असेल. तो पाइप सरळ भागात क्वचित कुजतो. आटे पाडलेल्या जागी त्याची जाडी कमी झालेली असते, म्हणून एल्बोशी (काटकोनातला जोड) आणि निपलशी आधी गंजतो. प्लंबरकडे हाताने चालवायचा प्रेशर पंप असतो. फ्लशच्या टाकीचा अँगल कॉक काढून तिथे बूच लावायला सांगा, दुसऱ्या टोकाने पंप जोडून दाब द्या आणि काटा किती वेगाने खाली येतो ते पाहा. त्या शांततेत भिंतीला कान लावला तर फुसफुस ऐकू येते. त्यासाठी लाकडी दांडा किंवा पेचकसाची मूठ कानाशी धरणारे जुने लोक मी पाहिले आहेत आणि त्यांचा अंदाज सहसा चुकत नसे.

उष्णतेच्या फरकाने ओल दाखवणारा कॅमेरा घेऊन येणारे लोकही हल्ली मिळतात. त्याचा उपयोग आहे, पण तो पाणी दाखवत नाही, पृष्ठभागाचे तापमान दाखवतो. ओली जागा थंड दिसते, आणि एसीच्या वाऱ्याने गार पडलेली कोरडी भिंतही थंडच दिसते.

मुळाकाठ | २४ जानेवारी

सापडले! पंपाचा काटा सहा किलो दाबावरून दहा मिनिटांत दोनवर आला. प्लंबरने दांडा भिंतीला टेकवून ऐकले आणि जमिनीपासून नऊ इंच उंचीवरच्या एका फरशीवर बोट ठेवले. ती एकच फरशी काढली. आत एल्बो होता, सुपारीएवढे गंजाचे ढेकूळ धरलेला. त्याने पेचकसाने ते खरवडले, तेव्हा सुईच्या अग्राएवढ्या छिद्रातून पाण्याची बारीक धार माझ्या चष्म्यावर आली. हे पाणी भिंतीच्या खाचेतून, नव्या वॉटरप्रूफिंगच्या मागून, थेट स्लॅबवर उतरत होते. वरून कितीही थर दिले असते तरी ते थांबले नसते.

सगळी फ्लश लाइन सीपीव्हीसीची, म्हणजे न गंजणाऱ्या प्लास्टिकच्या पाइपाची करून घेतली, पुन्हा दाब दिला आणि काटा अर्धा तास हलला नाही याची खात्री केल्यावरच फरशी बसवली. मजुरी आणि सामान मिळून सात हजार रुपये झाले.

आता काडीचे. रात्री ट्रॅपमध्ये दोन इंच पाणी असते आणि पहाटे साडेपाचला अर्ध्या इंचाहून कमी. शिवाय वरच्या मजल्यावर मोठी बादली ओतली गेली की आमच्या मोरीत गुडगुड आवाज होतो, हे मी इतकी वर्षे ऐकत होतो आणि त्याचा अर्थ मला कळला नव्हता.

शिसमखांब | २४ जानेवारी

वरून पाण्याचा लोंढा उभ्या पाइपातून खाली जाताना आपल्यामागे हवा ओढतो. ती हवा गच्चीवरच्या उघड्या तोंडातून मिळायला हवी. ते तोंड बंद असेल तर पाइप तीच हवा तुमच्या ट्रॅपमधून ओढतो आणि तिच्याबरोबर पाणीही जाते. गच्चीवर जाऊन पाहा.

कुणकेश्वरवाट | २५ जानेवारी

आमच्या गावच्या घरी सेप्टिक टँकच्या हवेच्या नळीबाबत असेच झाले होते. तिच्या तोंडाशी कुंभारमाशीने घर केले होते. मात्र कोणीही टाकीचे झाकण उघडून आत वाकून पाहू नये, ही विनंती. तिथे हायड्रोजन सल्फाइड साचलेला असतो. थोडा असेल तर सडक्या अंड्यासारखा वास येतो, पण प्रमाण वाढले की नाक बधिर होते आणि वास येणे थांबते. वास नाही म्हणजे धोका नाही असे समजून माणसे उतरली आणि गेली. माणसाला टाकीत उतरवून सफाई करून घेणे २०१३ च्या कायद्याने गुन्हा आहे. उपसण्यासाठी गाडीच बोलवावी.

मुळाकाठ | २ फेब्रुवारी

गच्चीवर दोन वर्षांपूर्वी पावसासाठी पत्र्याची शेड टाकली, तेव्हा आड येतो म्हणून मोरीच्या पाइपाचे वरचे तोंड कापून त्यावर सिमेंट थापले होते. समितीला काडी, वही आणि थापलेल्या तोंडाचे छायाचित्र दाखवले. पाइप पत्र्याच्या वर दोन फूट नेऊन त्यावर जाळीची टोपी बसवली. गेले पाच दिवस पहाटे काडीवरची खूण जिथल्या तिथे आहे आणि वास नाही. चौथ्या मजल्यावरच्या वहिनींनी सांगितले की त्यांच्याकडेही वास येत असे आणि त्या स्वतःच्याच स्वच्छतेला दोष देत होत्या.

एक शेवटचा प्रश्न. काकूंच्या छताचा खर्च कोणी करायचा?

गोदाघाट | २ फेब्रुवारी

महाराष्ट्रातील सहकारी गृहनिर्माण संस्थांच्या आदर्श उपविधींनुसार गच्चीतून किंवा बाहेरच्या सामाईक पाइपातून होणाऱ्या गळतीची दुरुस्ती संस्थेने करायची असते आणि सदनिकेच्या आतल्या न्हाणीघर, संडास, सिंक यांच्या गळतीची दुरुस्ती सदस्याने स्वखर्चाने करायची असते. तुमचा एल्बो तुमच्या भिंतीत होता, गच्चीवरचा पाइप संस्थेचा. आपल्या संस्थेने स्वीकारलेले उपविधी एकदा वाचून घ्या.

शिसमखांब | ३ फेब्रुवारी

रंगाची घाई करू नका. आधी सुटलेले प्लास्टर ठोकून पाहा. पोकळ वाजेल तेवढे काढा आणि सळ्या दिसल्या तर त्यांचा गंज ब्रशने साफ करून गंजरोधक लावा, कारण गंजलेली सळी फुगते आणि नव्या प्लास्टरलाही ढकलून पाडते. नंतर छत वाळू द्या. वाळले की नाही हे पाहण्यासाठी हातभर प्लास्टिकचा कागद चारही बाजूंनी चिकटपट्टीने छताला लावा आणि दोन दिवसांनी काढा. आतून दव धरले असेल तर आणखी थांबा.

मुळाकाठ | १९ मार्च

खर्च आम्हीच केला. त्याबद्दल घरात दुमत नव्हते. प्लास्टिकचा कागद फेब्रुवारीत दोनदा लावला, दोन्ही वेळा आतून ओला निघाला. परवा तिसऱ्यांदा काढला तेव्हा तो कोरडा होता. रंगारी पाडव्यानंतर येणार आहे. पातेले काकूंनी घासून पुन्हा स्वयंपाकघरात ठेवले आहे. डक्टमधल्या तिन्ही व्हॉल्व्हवर मी पत्र्याच्या चकत्यांवर नावे लिहून तारेने बांधली आहेत आणि ती वही डक्टच्या दाराशी खिळ्याला अडकवली आहे.